सत्तरीनंतरचं गोल्फ: चेंडू दिसत नाही, गुडघा साथ देत नाही, तर थांबावं का?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला कसा समजला ते आधी सांगतो. वय ७१, उजव्या हाताने खेळता. उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं डॉक्टर 'थोडं थांबू' म्हणालेत. चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, म्हणजे एकाच भिंगात वर लांबचा आणि खाली वाचायचा नंबर. ड्राइव्ह (होलचा पहिला लांब फटका) मारला की चेंडू सव्वाशे-दीडशे यार्डांपुढे गायब होतो, सोबतच्या तिघांना तो शोधत बसावं लागतं आणि तुम्हाला त्याचा संकोच वाटतो. त्यात डावा गुडघा झिजलाय, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं आणि हल्ली बरेच फटके चेंडूच्या डोक्यावर बसतात. चष्मा बदलू, चेंडू बदलू की खेळच सोडू, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं गोल्फ शिकवतोय आणि माझ्याकडे येणाऱ्यांत साठी ओलांडलेलेच जास्त असतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून खेळ सोडायचं कारण मला दिसत नाही. काही गोष्टी मात्र तुमच्या डोळ्यांच्या तपासणीवर अवलंबून आहेत आणि त्या मी इथून सांगू शकत नाही. मोतीबिंदूशिवाय डोळ्यात दुसरं काही नसेल तर पुढचं सगळं तुम्हाला लागू पडेल. मधुमेहाने पडद्यावर परिणाम केला असेल, काचबिंदू असेल किंवा पडद्याचा मधला भाग खराब होत असेल, तर आधी उपचार, मग गोल्फ.

एक साधी चाचणी खेळतानाच करता येते. एक डोळा हाताने झाकून झेंड्याच्या काठीकडे बघा, मग दुसरा झाकून बघा. काठी मध्येच वाकलेली, लाटेसारखी किंवा एखादा तुकडा गाळल्यासारखी दिसली, तर ते चष्म्याच्या नंबरचं काम नाही. लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा. अचानक वीज चमकल्यासारखं दिसणं, काळ्या ठिपक्यांचा पाऊस, बाजूने पडदा सरकल्यासारखं वाटणं, यांपैकी काही झालं तर फेरी तिथेच सोडून त्याच दिवशी दाखवा. असाच एकेक डोळा झाकून पांढऱ्या चेंडूकडेही बघा. ऑपरेशन झालेल्या डोळ्याला तो स्वच्छ पांढरा दिसेल, दुसऱ्याला पिवळट, धुरकट दिसेल. हा फरक मोठा असेल तर दोन्ही डोळे मिळून अंतराचा अंदाज घेताना अडखळतात. दुसरं ऑपरेशन कधी करायचं हे ठरवताना 'मला गोल्फ खेळताना असा त्रास होतो' हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. अनेक जण फक्त वाचनाबद्दल बोलतात आणि डॉक्टर त्यावरूनच निर्णय घेतात.

आता मूळ मुद्दा. गोल्फमध्ये डोळ्यांकडून आपण चार कामं करून घेतो. पायाशी ठेवलेला चेंडू बघणं, लक्ष्य बघणं, हवेतल्या चेंडूचा पाठलाग करणं आणि ग्रीनचा (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताचा) उतार ओळखणं. यातलं तिसरं काम तुमच्याकडून होत नाही आणि त्याच्या मागे लागून तुम्ही पहिलं बिघडवताय, असा माझा अंदाज आहे. फटका मारताना चेंडू जमिनीवर स्थिर असतो. तो उडाल्यावर तुम्ही त्याचं काहीच करू शकत नाही. तेव्हा उडता चेंडू दिसलाच पाहिजे हा हट्ट सोडता येतो. पडलेला चेंडू सापडला की झालं, आणि तो शोधायचे इतर मार्ग आहेत.

दीडशे यार्डांचाच आकडा का येतो बघा. चेंडूचा व्यास किमान ४२.६७ मिलिमीटर असावा लागतो. दीडशे यार्डांवर, म्हणजे साधारण १३७ मीटरवर, तो डोळ्याशी जेमतेम एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) कोन करतो. डोळे तपासायच्या तक्त्यावरच्या ६/६ च्या ओळीत अक्षराची एक रेघ जेवढी जाड असते, तेवढाच. म्हणजे निरोगी डोळ्यालाही त्या अंतरावर चेंडूचा आकार कळत नाही, फक्त पार्श्वभूमीपेक्षा उजळ असा एक ठिपका जाणवतो. तो ठिपका टिपायला नंबरापेक्षा उजेड-अंधाराचा फरक ओळखण्याची क्षमता लागते, आणि वयाबरोबर नेमकी तीच घटते. साठीत बाहुली लहान होते, भिंग पिवळं पडतं आणि विशीतल्या डोळ्याच्या तुलनेत पडद्यापर्यंत सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. म्हणून 'नंबर तर बरोबर आहे, मग दिसत का नाही?' हा प्रश्न मला इतक्या वेळा विचारला जातो.

चष्म्याबद्दल माझं मत ठाम आहे. प्रोग्रेसिव्ह चष्मा घालून गोल्फ खेळू नये. त्याचा खालचा भाग हातातलं पुस्तक वाचायला बनवलेला असतो आणि पायाशी असलेला चेंडू डोळ्यांपासून दीड मीटर तरी लांब असतो. आपण नजर खाली टाकतो ती नेमकी त्या वाचायच्या भागातून जाते. चेंडू धूसर दिसतो, म्हणून माणूस नकळत हनुवटी छातीला टेकवून वरच्या भागातून बघायला लागतो. हनुवटी खाली गेली की डाव्या खांद्याला तिच्याखालून जायला जागा उरत नाही. खांदे अर्धेच वळतात, बाकीचं हातांनी ओढलं जातं आणि चेंडूच्या डोक्यावर बसतं. तुमच्या टॉप फटक्यांचं एक कारण हेच असावं.

खात्री करून घ्या. चेंडूसमोर नेहमीसारखे उभे राहा, चेंडूवरची एखादी रेघ किंवा अक्षर बघत राहा आणि मान हळूच वर-खाली हलवा. रेघ उडी मारल्यासारखी सरकली किंवा धूसर-स्पष्ट होत राहिली, तर दोष चष्म्याचा आहे. खेळासाठी फक्त लांबच्या नंबराचा, एकाच भिंगाचा वेगळा चष्मा करून घ्या. नंबर काढताना 'दीड मीटरवरचा चेंडू आणि दोनशे यार्डांवरचा झेंडा, दोन्ही बघायचंय' असं सांगा. स्कोअरकार्डासाठी खिशात घडीचा वाचायचा चष्मा ठेवा, नाहीतर एकाच भिंगाच्या खालच्या बाहेरच्या कोपऱ्यात वाचनाचा छोटा तुकडा बसवून घ्या. तिथे तो चेंडू बघताना आड येत नाही. उतारावरून चालतानाही हाच चष्मा बरा, कारण प्रोग्रेसिव्हमधून पायाखालची जमीन धूसर दिसते आणि झिजलेल्या गुडघ्याला चुकलेलं पाऊल परवडत नाही. भिंगाला हलकी तपकिरी छटा असेल तर आकाशाचा निळा झगमगाट कमी होऊन चेंडू थोडा उठून दिसतो. गडद काळी काच मात्र ढगाळ हवेत आणि संध्याकाळी नको. आधीच कमी पोचणारा प्रकाश ती आणखी कमी करते. आणि डाव्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या काही महिन्यांत व्हायचं असेल तर महागडा चष्मा आत्ता करू नका. नंबर बदलणार आहे, तोवर साध्या फ्रेममध्ये स्वस्तातला करून भागवा.

चेंडूचं थोडक्यात सांगतो. उजेडात माणसाचा डोळा हिरवट-पिवळ्या रंगाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतो, म्हणून झगझगीत पिवळा चेंडू बहुतेकांना लवकर दिसतो. केशरी वाळक्या गवतात आणि पाचोळ्यात हरवतो, लाल सावलीत काळपट होतो. चमक नसलेला मॅट चेंडू काहींना सोपा जातो. पण कुणाच्या शिफारशीवर खोका भरू नका. तीन रंगांचे तीन चेंडू रफमध्ये (कडेच्या उंच गवतात) टाका, तीस पावलं मागे या, पाठ फिरवा, मग वळून कोणता आधी दिसतो ते बघा. हेच एकदा भर उन्हात आणि एकदा संध्याकाळी करा.

आता चेंडू शोधण्याबद्दल. ज्याला चेंडू दिसत नाही तो माणूस चेंडू दिसावा म्हणून डोकं लवकर वर काढतो. पन्नाशीपर्यंत उत्तम खेळणारे लोक साठीनंतर अचानक टॉप मारायला लागतात, त्यामागे मला हे कारण फार वेळा दिसलंय. मी त्यांना फटक्यानंतर चेंडूकडे बघायला बंदीच घालतो. मारण्याआधी चेंडूच्या मागे उभं राहून लांबवरची एक ठळक खूण पक्की करा. झाड, खांब, इमारतीचा कोपरा, काहीही. फटका पूर्ण करा, तोल सावरून शेवटच्या स्थितीत थांबा, मग मान वर. चेंडू पात्याच्या टोकाला लागला की मध्यावर, हे हाताला आणि कानाला कळतं. पहिल्या चाळीस-पन्नास यार्डांतली दिशा तुम्हाला अजूनही दिसते. तुमच्या खुणेपासून तो किती डावीकडे किंवा उजवीकडे निघाला, एवढंच टिपा.

उरलेलं काम सोबत्यांचं, पण त्यांनी ते नीट करायला हवं. 'तिकडे गेला' याचा काही उपयोग नसतो. त्यांना दोन गोष्टी सांगायला सांगा: रेषा आणि अंतर. 'डावीकडच्या दुसऱ्या झाडाच्या रेषेत, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) अलीकडे.' शक्य असेल तर एकाने टीच्या (पहिला फटका मारायच्या जागेच्या) दुसऱ्या टोकाला उभं राहून बघावं. दोन बाजूंच्या दोन रेषा जिथे छेदतात तिथे चेंडू असतो. मग तुम्ही त्या खुणेवर नजर ठेवून सरळ चालत जा. वाटेत गप्पा मारत ट्रॉलीच्या मागे वळलात की रेषा सुटते. माझ्या पाहण्यातले निम्मेअधिक चेंडू चालणाऱ्याने रेषा सोडल्यामुळेच हरवतात. यात नियमभंग काही नाही. चेंडू कुठे गेला हे कुणीही सांगू शकतं, शोधायला कुणीही मदत करू शकतं. शोधायला २०१९ पासून तीन मिनिटं मिळतात, पूर्वी पाच मिळायची. त्यामुळे शंका आली की तोंडाने स्पष्ट सांगून प्रोव्हिजनल (पहिला न सापडल्यास वापरायचा) चेंडू मारून टाका. रोजच्या खेळासाठी क्लबने तसा स्थानिक नियम लागू केला असेल, तर हरवलेल्या चेंडूच्या अंदाजे जागेजवळ फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या मुख्य पट्ट्यावर) दोन फटक्यांचा दंड घेऊन चेंडू टाकता येतो, मागे परत जावं लागत नाही. संकोच कमी करायला हा नियम फार कामाचा आहे.

तुमच्या डोळ्यांचं आणि गुडघ्याचं दुखणं एकाच वेळी हलकं करणारा बदल म्हणजे पुढच्या टीवरून खेळणं. यावर मी विद्यार्थ्यांशी सर्वांत जास्त वाद घालतो. मैदान किती लांब असावं याचा एक ढोबळ हिशोब आहे. ५ नंबरच्या आयर्नने, म्हणजे धातूच्या पातळ पात्याच्या काठीने (नसेल तर त्या जागी वापरत असलेल्या हायब्रिडने) तुमचा चेंडू जेवढा जातो, त्याला ३६ ने गुणा. १२० यार्ड जात असेल तर ४,३२० यार्ड. तुम्ही कदाचित सहा हजारांच्या आसपास खेळत असाल. म्हणजे जवळजवळ प्रत्येक होलवर पूर्ण ताकदीने वुडचे (लांब पल्ल्याच्या काठीचे) दोन फटके मारायचे, चेंडू दीडशेच्या पुढे, नजरेबाहेर, आणि प्रत्येक वेळी गुडघ्यावर पिळा. पुढून खेळलात तर दुसरा फटका १००-१२० यार्डांचा उरतो. तो तुम्हाला पडताना दिसतो. शिवाय पिवळ्या, पांढऱ्या, लाल टीचं कोर्स रेटिंग आणि स्लोप (अवघडपणाचे आकडे) वेगवेगळं मोजलेलं असतं आणि हँडिकॅप (खेळाडूला मिळणारी फटक्यांची सूट) त्यानुसार आपोआप कमी-जास्त होतो. तुमचे तिघं मागून खेळले आणि तुम्ही पुढून, तरी सामना बरोबरीचाच राहतो. 'ती बायकांची टी' असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडे लक्ष देऊ नका. टीला वयही नसतं आणि लिंगही नसतं.

शरीराचं बघू. डावा गुडघा उजव्या हाताच्या खेळाडूचा पुढचा गुडघा असतो आणि चेंडू मारताना सगळा भार आणि पिळा त्याच्यावर येतो. पाऊल सरळ ठेवलं तर तो पिळा सांध्यातच अडकतो. डाव्या पायाचा चवडा लक्ष्याच्या दिशेने चांगला उघडा, घड्याळात दहा वाजता तास काटा असतो तेवढा. बॅकस्विंगमध्ये (काठी मागे नेताना) डावी टाच उचलली जाऊ द्या. अमेरिकेचे दिग्गज गोल्फपटू जॅक निकलॉस ऐन भरात असताना टाच उचलूनच खेळत, त्यामुळे यात कच्चेपणा काही नाही. टाच उचलल्याने कंबर सहज वळते आणि पाठीवर ताण येत नाही. उजवा पायही थोडा बाहेर वळवा. बुटाच्या तळाची पकड फार घट्ट नको, फटक्यानंतर पाऊल थोडं फिरलं पाहिजे. मान आखडलेली असेल तर डोकं खांद्याबरोबर थोडं वळू द्या. 'डोकं हलवू नका' हा सल्ला लवचीक मानेच्या तरुणांसाठी आहे.

अंगठ्याच्या मुळाशी दुखणं बहुतेक तिथल्या सांध्याच्या झिजेचं असतं, पण निदान डॉक्टरांकडून करून घ्या. ग्रिप जाड करा, एक किंवा दोन माप वरची. जाड ग्रिप कमी जोराने धरता येते आणि अंगठ्याला चिमटा बसत नाही. दहाही बोटांनी धरून बघा. स्टीलऐवजी ग्राफाइट शाफ्ट (काठीचा दांडा) घ्या, तो हलका असतो आणि हाताला झणझणी कमी पोचवतो. ३, ४ आणि ५ नंबरची आयर्न बॅगेतून काढा, त्यांच्या जागी हायब्रिड किंवा ७ नंबरचं वुड ठेवा. ड्रायव्हरचा (सर्वांत लांब मारायच्या काठीचा) लॉफ्ट, म्हणजे पात्याचा तिरपेपणा, १२ अंश किंवा त्याहून जास्त असू द्या. बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब (काठ्या) चालतात, पण चौदा असलेच पाहिजेत असं कुठे आहे? दहा पुरतात. सरावाला काँक्रीटवर अंथरलेली कडक मॅट टाळा. दुखऱ्या अंगठ्याला आणि कोपराला ती सर्वांत वाईट. गवत नसेल तर चेंडू छोट्या खुंटीवर (तिलाही टीच म्हणतात) ठेवून मारा. बॅग खांद्यावर नको, ट्रॉली ओढण्यापेक्षा ढकलणं पाठीला बरं. चालून अठरा होल झेपत नसतील तर नऊ खेळा, नऊ होलांचा स्कोअरही हँडिकॅपसाठी धरला जातो.

बंकरमध्ये उंच कडेवरून उतरू नका, सखल बाजूने आत जा. वाळूत गुडघ्याची खात्रीच वाटत नसेल तर चेंडू न खेळता येण्याजोगा जाहीर करून, एकूण दोन फटक्यांचा दंड घेऊन, तो झेंड्याच्या रेषेत मागे बंकरबाहेर टाकता येतो. वाकणं टाळायला पटरच्या (ग्रीनवर चेंडू होलकडे ढकलायच्या काठीच्या) मुठीच्या टोकाला रबरी कप बसवा, चेंडू त्याने उचलता येतो.

ग्रीनवर डोळ्यांपेक्षा पाय जास्त कामाचे आहेत. चेंडू आणि होल यांच्या मधोमध, रेषेच्या थोडं बाजूला, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा आणि क्षणभर डोळे मिटा. कोणत्या पायावर वजन जास्त येतं ते तळव्यांना कळतं. उतार त्या बाजूला आहे. अंतर पावलांनी मोजा आणि सरावात सहा, दहा, पंधरा पावलांना किती मागे न्यायचं ते ठरवून ठेवा. चेंडूवरची रेघ मागून लक्ष्यावर लावून घ्या, मग उभं राहिल्यावर पुन्हा होल शोधत बसावं लागत नाही. २०१९ पासून पटिंग करताना झेंडा होलमध्येच ठेवता येतो, त्याचा फायदा घ्या. लांबून होल दिसत नाही, पण काठी दिसते. झेंड्याचं अंतर मोजायला दुर्बिणीसारख्या यंत्रापेक्षा जीपीएसचं घड्याळ बरं, कारण त्यात नेम धरायला झेंडा दिसावा लागत नाही. मोठे आकडे दाखवणारं घ्या.

ज्यांची दृष्टी वैद्यकीय निकषांनुसार फारच कमी झाली आहे त्यांच्यासाठी नियमांतच तरतूद आहे. २०२३ पासून नियम २५ सगळीकडे लागू आहे. त्यानुसार अंध किंवा तीव्र दृष्टिदोष असलेल्या खेळाडूला उभं राहायला आणि दिशा लावायला मदतनीस मिळतो, बंकरमध्ये क्लब वाळूला टेकवण्याची मुभाही मिळते. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुम्हाला आज त्याची गरज नाही. पण हे लोक स्पर्धा खेळतात, हे तुम्हाला माहीत असावं. अमेरिकेचे टॉम वॉटसन २००९ साली स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीला ५९ व्या वर्षी ब्रिटिश ओपनच्या प्लेऑफपर्यंत (बरोबरीनंतरच्या निर्णायक लढतीपर्यंत) पोचले, तेव्हा त्यांचा खुबा बदलून वर्षसुद्धा झालं नव्हतं. ते व्यावसायिक खेळाडू होते, त्यांच्याशी आपली तुलना नको. बदललेल्या सांध्याने पूर्ण स्विंग मारता येतो, एवढ्यापुरतं सांगितलं.

सोबतच्या तिघांशी मात्र आजच बोला. बहुतेक चौकड्यांत चेंडू शोधण्याचा त्रास कुणालाच वाटत नसतो, त्रास होतो तो कुठे शोधायचं हे माहीत नसण्याचा. पहिल्या टीवरच सांगा, 'मला दीडशेच्या पुढे दिसत नाही, माझ्या फटक्याला एकाने रेषा आणि एकाने अंतर बघा, तीन मिनिटांत मिळाला नाही तर मी दंड घेऊन पुढे निघेन.' त्यांच्या फटक्यांच्या वेळी तुम्ही त्यांची सुरुवातीची दिशा टिपा. पन्नास यार्डांपर्यंत तुम्हाला अजून चांगलं दिसतं, आणि झाडीत शिरलेल्या चेंडूसाठी तेवढी दिशाही पुष्कळ होते.